चौदा नंबरची वाळू

गॅसच्या फील्डवर त्यांना सगळे चाळणीदादा म्हणायचे. हजेरीपुस्तकात त्यांचं दुसरं, चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या कारकुनाला ठाऊक. एकदा फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने ते नाव घेऊन फोनवर चौकशी केली, तेव्हा दादांनी स्वतःच "असं इथे कोणी नाही" म्हणून फोन ठेवून दिला. तो माणूस म्हणजे आपणच, हे त्यांच्या लक्षात जिना उतरताना आलं. ही गोष्ट कॅन्टीनला पुढे वर्षभर पुरली.

त्यांचं काम वाळू चाळण्याचं. ऐकायला बांधकामावरचं वाटतं, पण तसं नव्हतं. जमिनीखाली दोन किलोमीटरवर गॅस काही हौदात साठलेला नसतो. तो वाळूच्या थरात, कणाकणांच्या फटींत मुरलेला असतो. थर जुना, घट्ट दगड झालेला असेल तर गॅस तेवढा वर येतो. या फील्डचे थर कच्चे होते, बोटाने दाबले तर भुगा होणारे. विहीर उघडली की गॅसबरोबर वाळूही वर धावायची, आणि त्या वेगाने धावणारी वाळू लोखंड खाते. सरळ पाइपाला ती फारसं काही करत नाही, पण पाइप जिथे वळतो त्या बेंडवर एकेक कण आपटत राहतो आणि बोटभर जाडीचं पोलाद काही महिन्यांत पत्र्याइतकं पातळ होतं. म्हणून विहिरीच्या तळाशी जाळीचा लांब नळ उतरवतात आणि त्याच्याभोवती धुऊन निवडलेली जाड वाळू ठासून भरतात. जाड वाळूने बारीक वाळू अडवायची, जाळीने जाड वाळू अडवायची आणि गॅसने त्यातून निसटून वर यायचं. जाळी किती फटीची आणि भरायची वाळू किती दाण्याची, हे सगळं खालच्या थरातल्या कणावर ठरतं. तो कण केवढा, ते सांगणारा माणूस म्हणजे दादा.

त्यांची खोली ऑफिसच्या मागच्या अंगाला, जनरेटरला लागून. एका बाजूला नमुने वाळवायची भट्टी, मध्ये काचेच्या पेटीत तराजू आणि कोपऱ्यात पितळी चाळण्यांची चवड. वर मोठ्या भोकांची चाळणी, खाली उतरत उतरत बारीक, तळाला थाळी. चवड यंत्रावर बसवून बटण दाबलं की दहा मिनिटं असा खडखडाट व्हायचा की शेजारचे साहेब लोक दारं लावून घेत. दादांना त्या आवाजात डुलकी लागे. मग प्रत्येक चाळणीवर राहिलेली वाळू मऊ ब्रशने ओढायची, तोलायची, आकडे लिहायचे, कागदावर रेघ काढायची. असं एकतीस वर्षं. चाळण्याआधी ते चिमूटभर वाळू अंगठा आणि तर्जनीत घोळवून आकडा पुटपुटायचे, आणि यंत्र बहुतेक वेळा त्यांचंच ऐकायचं. "दादा चहासुद्धा दाणा बघून पितात," असं लोक म्हणत. दादा हसत. त्यांना ते मनातून आवडायचं.

आई गेली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि बहीण आठ. वडील त्याच्याही आधी गेलेले. बहिणीच्या वेण्या घालण्यापासून तिच्या शाळेतल्या सभेला आयांच्या घोळक्यात एकटेच अंग चोरून बसण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की "आधी हिचं होऊ दे" म्हणायचे. हिचं झालं तोवर त्यांचं वय आणि हौस दोन्ही उलटून गेलं होतं. नवरामुलगाही त्यांनीच शोधला, फील्डवर विहिरी सांभाळणाऱ्या ऑपरेटरांपैकी. उंच, बडबड्या, घरात शिरला की आधी आवाज यायचा आणि मग माणूस. दोघांना मूलबाळ झालं नाही. खाली बहीण आणि मेहुणा, वरच्या एका खोलीत दादा, आणि जेवायला तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.

मेहुण्याला ते दाजी म्हणत. दाजी पहिला घास घेण्याआधीच सुरू व्हायचे.

"दादा, आज तुमची वाळू माझ्या दातांत आली. नमुना पाठवू का?"

"धुतलेल्या डब्यात पाठवा. मागच्या वेळी डब्याला तेल होतं."

"बघितलंस?" दाजी बायकोकडे वळायचे. "माझ्या दातांची नाही, यांना डब्याची काळजी."

बहीण हसायची. ती फार हसणारी बाई नव्हती, म्हणून तिला हसवणं हे दाजी आपलं दुसरं काम समजत.

मग चौदा नंबरची विहीर खणली गेली. तळातून काढलेल्या दगडाचे लांब तुकडे पेट्यांतून दादांच्या खोलीत आले. तीन थर होते. वरचे दोन नेहमीसारखे, रवाळ. तिसऱ्याची चिमूट घेतली आणि दादांची बोटं थांबली. पिठासारखी वाळू. त्यांनी पुन्हा घोळवली, जिभेच्या टोकावर ठेवून पाहिली. मग तिन्ही थर वेगवेगळे चाळले, तीन कागदांवर तीन रेघा काढल्या. तिसरी रेघ इतकी बाजूला गेली की जणू दुसऱ्याच कुठल्या विहिरीची.

विहिरींचे इंजिनिअर साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः खोलीत आले. चाळिशीच्या आतले, नम्र, डोळ्यांखाली काळं झालेलं. ते वाईट माणूस नव्हते. दादा पुढेही कधी तसं म्हणाले नाहीत.

"दादा, जाळ्या गोदामात येऊन पडल्यात. आता बदलायच्या म्हटल्या तर पाच महिने. तोवर खणायचं यंत्र नुसतं उभं राहणार." साहेबांनी तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी लावले. "तिन्ही थरांची वाळू एकत्र करून एक चाळण केली तर?"

"एकत्र चाळतात साहेब, नाही असं नाही. पण खालचा थर फारच बारीक आहे. मिसळला की तो दिसायचाच नाही."

"पण खोटं तर नाही ना होणार?"

"खोटं नाही."

"मग झालं तर." साहेब उठता उठता म्हणाले, "दादा, या फील्डवर माझा विश्वास फक्त तुमच्या सहीवर आहे."

दादांनी तिन्ही वाळू मिसळल्या आणि चाळल्या. मधलाच एक आकडा आला, गोदामातल्या जाळ्यांना बरोबर बसणारा. रिपोर्टच्या खाली त्यांनी एक ओळ लिहिली की तळचा थर पुष्कळ बारीक आहे, त्याचा वेगळा विचार व्हावा. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, "तेवढी ओळ काढता येईल का? वर वाचणारे उगाच फाटे फोडतात." दादांनी ओळ काढली, कागद नव्याने टाइप केला आणि सही केली. एकतीस वर्षांत त्यांच्या शेऱ्यांबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नव्हतं, मग या ओळीने काय होणार होतं, असं त्यांनी मनाला सांगितलं. पण ते पुरतं खरं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. साहेब सहीबद्दल जे बोलले ते त्यांच्या कानात गोड लागून राहिलं होतं, आणि ते बिघडवायला त्यांचा हात धजत नव्हता. तीन वेगळ्या चाळणींचे कागद मात्र त्यांनी फाडले नाहीत. खणात ठेवून दिले.

चौदा नंबर चालू झाला. तीन महिने सुरळीत गेले. चौथ्या महिन्यात, वर येणारी वाळू अडकवायच्या भांड्यातून आठवड्याचा नमुना आला. दादांनी डब्याचं झाकण काढलं, चिमूट घेतली. तेच पीठ. पुढच्या आठवड्यात दुप्पट.

ते साहेबांकडे गेले. साहेबांनी मान हलवली, विहिरीचं तोंड आवळायला सांगितलं, गॅस कमी झाला, वाळू कमी झाली. नऊ दिवस. मग थंडी पडली, शहरात घराघरांत हीटर लागले, वरून फोनावर फोन यायला लागले आणि तोंड पुन्हा मोकळं केलं गेलं. बेंडवर वाळूचा आवाज टिपणारं एक यंत्र चिकटवलेलं असतं. ते सारखं कोकलायला लागलं म्हणून त्याची इशाऱ्याची पातळी वर नेण्यात आली. हे दादांना नंतर कळलं.

त्या दिवसांत ते जेवताना गप्प असायचे. एकदा न राहवून म्हणाले, "दाजी, चौदा नंबरच्या बेंडजवळ फार वेळ उभे राहत जाऊ नका."

"मग कुठे राहू? त्याचा व्हॉल्व्ह तिथेच आहे. लांबून फुंकर मारून बंद करू?"

बहीण हसली. दादांनी ताटात बघितलं. का उभं राहू नका, एवढंच सांगायचं राहिलं होतं. सांगायचं म्हटलं तर मिसळलेल्या वाळूपासून सुरुवात करावी लागली असती. काढून टाकलेल्या ओळीचंही सांगावं लागलं असतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

अकरा दिवसांनी, सकाळी पावणेअकराला, बेंड फुटला. भोक शर्टाच्या बटणाएवढं होतं. गॅसचा दाब अचानक पडलेला दिसला म्हणून दाजी व्हॉल्व्ह बंद करायला गेले होते. डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा पहिल्याच फटकाऱ्याला उडाला. त्या भोकातून गॅसबरोबर जी वाळू सुटली ती सरळ त्यांच्या तोंडावर. तशाही अवस्थेत ते गुडघ्यांवर रांगत, कुंपण चाचपत लाल बटणापर्यंत पोचले आणि विहीर बंद केली. म्हणून आग लागली नाही. त्या वेळी कुंपणाच्या आत आणखी सहा माणसं होती.

दादा हॉस्पिटलात पोचले तेव्हा बहीण बाकावर बसली होती, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. तिने त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. कोणीतरी सह्यांसाठी दादांना आत बोलावलं. टेबलावर स्टीलची एक वाटी होती. डोळ्यांतून धुऊन काढलेलं पाणी, आणि तळाशी राखाडी गाळ. दादांना चाळणीची गरज पडली नाही. तराजूचीही नाही. त्यांनी सही केली.

डावा डोळा काढावा लागला. उजव्याने दाजींना दिवस आणि रात्र यातला फरक कळायचा, तोही काही महिने.

चौकशीला मुख्य कचेरीतून तिघंजण येणार असं ठरलं. त्याच्या आदल्या आठवड्यात साहेब खोलीत आले. खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. ते पार खचलेले दिसत होते.

"दादा, एकत्र चाळण ही मान्य पद्धत आहे. तसंच मी सांगणार आहे. तुमच्यावर काही येणार नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "ते कच्चे कागद आपण किती दिवस ठेवतो?"

"सहा महिने."

"झाले ना सहा महिने?"

"झाले."

साहेब आणखी काही बोलले नाहीत. फाडा असंही नाही. ते गेल्यावर दादांनी खण उघडला, तीन कागद काढले आणि घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले. चौकशीसमोर ठेवायचे हे ठरत आलं होतं. पण घरच्यांना बाहेरून कळावं, हे त्यांना सोसवणार नव्हतं.

रविवारी दुपारी ते खाली गेले. दाजी आरामखुर्चीत, डोळ्यांवर पट्टी. बहीण टेबलाशी मटार सोलत होती. दादा उभ्यानेच बोलले. सगळं सांगितलं. तीन थर, पिठासारखी वाळू, मिसळणं, ती ओळ, डब्यातून आलेले नमुने. कागद टेबलावर ठेवले. बोलताना त्यांचा आवाज कोरडा, रिपोर्ट वाचल्यासारखा झाला होता. त्यांना तो स्वतःलाच ऐकवेना.

बहिणीचे हात थांबले. एक शेंग अर्धी सोललेली.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"नमुने यायला लागल्यापासून. महिना, सव्वा महिना."

"आणि तू रोज आमच्याबरोबर जेवायला बसत होतास."

दादांनी टेबलावरचे कागद सरळ केले.

"यांच्या शेजारी. याच खुर्चीत. मी वाढत होते आणि तू जेवत होतास."

दाजींनी मान आवाजाच्या दिशेला वळवली. "दादा, किती बारीक होती?"

दादांनी आकडा सांगितला. दाजी वीस वर्षं विहिरींवर होते, त्यांना आकडा समजला.

"बेंडजवळ उभे राहू नका म्हणालात तेव्हा हे सांगितलं असतंत," दाजी सावकाश म्हणाले, "तर मी त्याच दिवशी विहीर हाताने बंद केली असती आणि घरी येऊन झोपलो असतो. मग साहेबांनी मला काढलं असतं तर काढलं असतं. डोळे गेले नसते." थोडं थांबून म्हणाले, "मी हसण्यावारी नेलं. तुम्ही कशाला नेऊ दिलंत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं दादांना पुढे कितीतरी वेळा वाटलं.

चौकशीच्या प्रमुख एक बाई होत्या, पिकलेल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तीन कागद बराच वेळ पाहिले. विचारलं, "हे तुम्ही रिपोर्टबरोबर का जोडले नाहीत?"

मागितले नव्हते, हे उत्तर दादांच्या ओठांवर तयार होतं. ते गिळून त्यांनी सांगितलं, "माझ्या सहीला कोणीतरी मान देत होतं. तो मला गमवायचा नव्हता."

बाईंनी चष्मा काढला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि शेजारच्याला म्हणाल्या, "हे असंच्या असं लिहून घ्या."

निकाल यायला चार महिने लागले. साहेबांची दूर बदली झाली. इशाऱ्याची पातळी वाढवणाऱ्याला ताकीद मिळाली. प्रत्येक थराचा वेगळा कागद जोडल्याशिवाय जाळी ठरवायची नाही, असा नियम निघाला. दादांचा सहीचा अधिकार काढून घेतला आणि निवृत्तीला राहिलेलं दीड वर्ष त्यांनी गोदामात पाइपांचे जोड मोजत काढलं. शेवटच्या दिवशी निरोपाला सातजण होते. कोणी चहाचा विनोद केला नाही.

घर सोडून जायचं त्यांनी कधीच ठरवलं होतं. चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी पेटी भरून ते जिन्यावरून उतरले. बहीण खाली दारात उभी होती. बाजूला झाली नाही.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "यांना आंघोळ घालायला, दवाखान्यात न्यायला माणूस लागतं. मला एकटीला पेलत नाही. पण यापुढे माझ्याशी बोलायचं नाही."

ती त्यांच्याशी थेट बोलली ते हे शेवटचं.

दादा राहिले. सकाळी सहाला खाली यायचे, दाजींना उठवायचे, दाढी करून द्यायचे, आंघोळीचं पाणी हाताने बघायचे. दर दोन आठवड्यांनी दवाखाना. बहिणीला काही सांगायचं असलं की ती नवऱ्याला सांगायची, आणि दादा तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे.

"वरच्यांना सांगा, डॉक्टर चार वाजता बोलावतायत."

"वरचे, ऐकलंत का?" दाजी म्हणायचे. "चार वाजता."

"ऐकलं."

"ऐकलं म्हणतायत."

सुरुवातीला दाजी हे जरा गमतीने करायचे, दोघांपैकी कोणीतरी हसेल म्हणून. कोणी हसलं नाही. मग तेही सवयीचं झालं. दादांचं ताट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर झाकून ठेवलेलं असायचं. गरम असायचं, कधी कमी नसायचं. पण टेबलाशी त्यांची खुर्ची राहिली नाही. ती बहिणीने मागच्या पडवीत नेऊन त्यावर साबणाची बादली ठेवली.

आणि दाजी बदलत गेले. पहिलं वर्ष त्यांनी निभावून नेलं. काठी घेऊन चालायला शिकले, रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं द्यायचे. दुसऱ्या वर्षी बोलणं कमी झालं. एकदा दादा त्यांची दाढी करत असताना पातं जरासं लागलं. दाजींनी त्यांचा हात झटकला, आरसा फोडला, आणि मग त्याच फुटक्या काचांजवळ जमिनीवर बसून म्हणाले, "आरसा कशाला ठेवलाय इथे? कोण बघतं त्यात?" दादांनी काचा वेचल्या. एकेक, बोटांनी चाचपून, कारण दाजी अनवाणी होते.

संध्याकाळी दोघं फिरायला जायचे. रस्त्याच्या टोकाला टायरचं दुकान, मग शाळेची भिंत, मग डाक कचेरी, आणि परत. दाजी दादांच्या कोपराला धरून चालायचे. एके दिवशी शाळेच्या भिंतीशी थांबून त्यांनी विचारलं, "चौदा नंबरचं काय झालं?"

दादांना ठाऊक होतं. "जुनी जाळी काढली. बारीक जाळी घातली, आत भरायची वाळूही बदलली. दोन वर्षं झाली."

"वाळू येते?"

"नाही."

"अजिबात?"

"नमुन्याच्या भांड्यात काही मिळत नाही म्हणतात."

दाजींनी काठीचं टोक भिंतीला लावलं. शाळा सुटल्याची घंटा झाली. "म्हणजे येत होतं करता," ते म्हणाले, आणि दादांच्या कोपरावरचा हात काढून काठीने भिंत चाचपत एकटेच पुढे निघाले. दादा चार पावलं मागून चालत राहिले.

पाचव्या वर्षी एका सकाळी दारावर एक तरुण बाई आली. दादांच्या जुन्या खोलीत आता ती काम करायची. हातात कागदांची गुंडाळी. तिला घरातली गोष्ट अर्धीमुर्धीच माहीत होती. दादा दाजींना औषध देत होते. तिथेच, खालच्या खोलीत, ती बसली.

"नवीन विहीर आहे. पाच थर. नियम आहे, तरी म्हणतायत की दोन थर पातळ आहेत, ते शेजारच्यांत धरा. चाळून झालंय माझं. तुम्ही एकदा बघाल का?"

दादांनी कागद हातात घेतले नाहीत. "मला सही नाही आता."

"सही नको. काय करू ते सांगा."

बहीण स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पाच कागद जोडा," दादा म्हणाले. "लिहिलेली ओळ काढायची नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी. आणि एवढ्यावर थांबायचं नाही. त्या विहिरीवर कोण उभं राहणार ते विचारून घ्या. तिथे जाऊन त्या माणसांना तोंडावर सांगा, इथली वाळू बारीक आहे, आणि का सांगतेय तेही सांगा. हसतील. हसले तरी पुन्हा सांगा."

"आणि साहेब ऐकलेच नाहीत तर?"

दादांनी औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. ते आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"तर त्यांना माझ्याकडे पाठवा," दाजी खुर्चीतून म्हणाले. त्यांनी काळा चष्मा काढला आणि चेहरा तिच्या दिशेने केला. "पत्ता द्या. म्हणावं, चहा पिऊन जा."

त्या मुलीने पाहिलं आणि तिचा हात तोंडाशी गेला.

बहिणीने चहा आणला. दोन कप, पाहुणीला आणि नवऱ्याला. दादा उठून जिन्याकडे गेले. ते वर चढत असताना ती मुलगी निघाली. दारात तिने बहिणीला हळूच विचारलं, "हे तुमचे कोण?"

दादा जिन्यातच थांबले.

"भाऊ," बहीण म्हणाली. "सख्खा."

मग दाराची कडी लागली. दादा कठड्याला धरून उभे राहिले. ती वर बघेल, किंवा निदान कप घेऊन पायरीपर्यंत येईल, असं त्यांना वाटलं. स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला. बराच वेळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा वार होता. दादा धुतलेला शर्ट घालून खाली आले. बहीण नवऱ्याच्या बुटांचे बंद बांधत होती, खाली वाकून.

"वरच्यांना सांगा," ती म्हणाली, "येताना डोळ्याचे थेंब आणायचेत. बाटली संपलीय."

"वरचे," दाजी म्हणाले.

"ऐकलं," दादा म्हणाले आणि दाजींच्या हाताखाली आपलं कोपर सरकवलं.